चालताना पोटरी आवळते त्यांच्यासाठी: ठाण्यात खास बूट आणि ब्रेस करून घेतले त्याची हकीकत

ठरावीक अंतर चाललं की पोटरी आवळून येते, थांबलं की दोन-चार मिनिटांत मोकळी होते, पुन्हा तेवढंच चाललं की पुन्हा आवळते. ज्यांना हे ओळखीचं वाटतं त्यांच्यासाठी मी सगळं सविस्तर लिहिते आहे. मी ६२ वर्षांची, बँकेतून निवृत्त, राहायला नौपाड्यात. मधुमेह अठरा वर्षांचा. हे दुखणं पायाची धमनी अरुंद होऊन रक्त कमी पोचल्याचं आहे ते कळण्यात काही महिने गेले आणि त्यावर खास बूट आणि घोट्याला बांधायचा कार्बन फायबरचा ब्रेस मिळवण्यात आणखी काही. या वाटेवर काय काय येतं ते आधी माहीत असेल तर जिवाची घालमेल बरीच कमी होते.

माझ्या लक्षात आलं ते २०२३ च्या नवरात्रात. टेंभी नाक्याच्या देवीला दरवर्षी आम्ही घरून चालत जातो. त्या वर्षी राम मारुती रोड संपायच्या आतच डावी पोटरी दगडासारखी घट्ट झाली. सुनेने विचारलं, "आई, रिक्षा करू का?" मी नको म्हटलं, जरा थांबले, बरं वाटलं, निघाले. पुढे पुन्हा तेच. दिवाळीपर्यंत भाजी आणायला गेलं तरी मध्ये एखाद्या दुकानापुढे उभं राहावं लागायचं.

हाडांच्या एका डॉक्टरांनी गुडघ्याचा एक्स-रे काढला. माझ्या वयाच्या बाईच्या गुडघ्याची झीज एक्स-रेमध्ये दिसणारच, ती दिसली. कॅल्शियम आणि चोळायचं मलम घेऊन मी परत आले. जानेवारीत नात्यातल्या एकीने व्हेरिकोज व्हेन्सचे घट्ट मोजे वापरून बघ म्हणून सुचवलं. घेणारच होते, पण आमच्या फॅमिली डॉक्टरांनी थांबवलं. हे जरूर लक्षात ठेवा. ते मोजे शिरांच्या त्रासासाठी असतात. धमनीतूनच रक्त कमी येत असेल तर वरून आवळल्याने पायाला इजा होऊ शकते. पायाचा रक्तदाब मोजल्याशिवाय ते चढवू नयेत.

याच डॉक्टरांनी मला तो प्रश्न विचारला ज्याने सगळं मार्गी लागलं: "दुखायला लागलं की बसावं लागतं, की नुसतं उभं राहिलं तरी थांबतं?" मी म्हटलं, उभं राहिलं तरी थांबतं. त्यांनी समजावलं की मणक्यात नस दबल्यामुळे पाय दुखत असतील तर बहुधा बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर आराम पडतो. नुसतं उभं राहून दुखणं जात असेल आणि दर वेळी साधारण तेवढ्याच अंतरावर येत असेल, तर रक्तपुरवठ्याकडे बघायला हवं. त्यांनी घोट्याशी आणि पावलावर नाडी चाचपली. उजवीकडे लागली, डावीकडे लागेना.

१९ फेब्रुवारी २०२४ ला दोन्ही पायांचा आर्टिरियल डॉपलर, म्हणजे धमन्यांतला रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी, केला. ३,६०० रुपये, अपॉइंटमेंटसाठी चार दिवस थांबावं लागलं. नाव नोंदवताना "आर्टिरियल" असं स्पष्ट सांगा. काउंटरवर नुसतं "पायाचा डॉपलर" म्हटलं तर शिरांचा, म्हणजे व्हीनसचा, लिहून घेतात. माझ्या बाबतीत तसं झालं होतं, पण सुनेने चिठ्ठी वाचून वेळेवर दुरुस्त करून घेतलं. डाव्या मांडीतली धमनी बऱ्याच लांबीत अरुंद झालेली निघाली.

मग व्हॅस्क्युलर सर्जन, म्हणजे रक्तवाहिन्यांचे. फी १,२०० रुपये. त्यांच्याकडे एबीआय (अँकल-ब्रेकियल इंडेक्स) काढला. दंडाचा रक्तदाब आणि घोट्याचा रक्तदाब मोजायचा आणि घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागायचं, इतकंच. सुई नाही, दुखणं नाही. भागाकार ०.९० किंवा त्याखाली आला तर पायाच्या धमन्यांत अडथळा आहे असं धरतात. माझा उजवीकडे ०.८८ आणि डावीकडे ०.६२ आला. मधुमेह जुना असेल तर धमन्या कडक होऊन हा आकडा खोटा चांगला येऊ शकतो, म्हणून त्यांनी अंगठ्याचाही दाब घेतला. मधुमेहींनी हे मुद्दाम विचारावं.

त्यांनी तपकीर, मिश्री, तंबाखू, सिगरेट यांपैकी काही आहे का हे दोनदा विचारलं. तंबाखू हे या दुखण्याचं फार मोठं कारण आहे आणि बायका मिश्रीचं सांगत नाहीत, असं म्हणाले. माझ्याकडे मधुमेह, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल ही तीन कारणं होतीच.

पाय कापावा लागेल का, हा प्रश्न मी किती दिवस मनात घेऊन फिरत होते. तो विचारताना आवाज फुटेना. डॉक्टर म्हणाले, चालतानाच दुखणाऱ्या बहुतेक लोकांवर ती वेळ येत नाही. बसल्या-झोपल्या पाय दुखणं, न भरणारी जखम, बोट काळं पडणं ही धोक्याची चिन्हं, तसं काही दिसलं तर एक दिवसही थांबायचं नाही. आणि दुसरं त्यांनी जास्त जोर देऊन सांगितलं: पायाच्या धमन्यांत हे झालं म्हणजे हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्यांनाही धोका आहे, म्हणून गोळ्या पायासाठी कमी आणि त्यांच्यासाठी जास्त आहेत. रक्त पातळ ठेवणारी एक आणि कोलेस्टेरॉलची एक सुरू झाली. तिसरी सिलोस्टॅझॉल, ती चालण्याचं अंतर वाढावं म्हणून. हृदय कमकुवत असेल तर ही गोळी देत नाहीत, त्यामुळे आधी टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करायला लावला, त्याचे २,००० रुपये. पहिला आठवडा डोकं दुखलं, नंतर सवय झाली.

अँजिओप्लास्टी लगेच करायची नाही असं ठरलं. आधी तीन महिने चालायचं. आठवड्यातून निदान तीन वेळा, दर वेळी तीस ते पंचेचाळीस मिनिटं. आणि चालायची पद्धत अशी की दुखायला लागलं तरी लगेच थांबायचं नाही. पाचपैकी तीन-चार इतकं दुखेपर्यंत चालायचं, मग पूर्ण मोकळं होईपर्यंत थांबायचं, मग परत. ऐकायला सोपं आहे. सकाळी तलावपाळीच्या कडेने चालताना तिसऱ्या फेऱ्याला जेव्हा पोटरी पेटते तेव्हा डोळ्यांत पाणी येतं. बाकं जवळजवळ आहेत म्हणून मी ती जागा धरली, आणि पहाटे गर्दी नसते.

मार्च ते मे मी नेमाने चालले. अंतर वाढलं, पण हळू. आणि उन्हाळा. मेच्या शेवटी फिजिओथेरपिस्टने (एका वेळेचे ६०० रुपये) पहिल्यांदा बुटांचा विषय काढला. ती म्हणाली, "काकू, तुम्हाला दुखतं म्हणून तुम्ही कमी चालता आणि कमी चालता म्हणून सुधारणा हळू होते. पोटरीचं काम थोडं दुसऱ्या कुणाला तरी करू दे."

ते कसं, हे मला नीट समजून घ्यायचं होतं. पाऊल उचलण्याआधी टाच वर येते आणि चवड्यावर जोर देऊन आपण अंग पुढे लोटतो. हा रेटा मुख्यतः पोटरी देते. तिला त्या क्षणी रक्त जास्त लागतं, आणि मांडीतली धमनी अरुंद असेल तर ते पोचत नाही, म्हणून ती आवळते. आता बुटाचा तळ कडक केला आणि पुढून वर वळवला, झुलत्या खुर्चीच्या पायासारखा, तर पाऊल आपोआप पुढे कलतं आणि घोट्याला कमी वाकावं लागतं. याला रॉकर सोल म्हणतात. त्याच्या पुढची पायरी म्हणजे घोट्याचा ब्रेस, एएफओ. कार्बन फायबरचा असेल तर नडगी पुढे झुकताना त्याची पट्टी वाकते आणि पाऊल सुटताना सरळ होत रेटा देते. धमनी यातल्या कशानेही उघडत नाही. पोटरीवरचा भार कमी होतो, दुखणं उशिरा सुरू होतं आणि चालण्याचा व्यायाम जास्त वेळ करता येतो. तो व्यायाम हेच खरं औषध आहे.

हे काही कुणी ठाण्यात बसून काढलेलं नाही. अमेरिकेत ओमाहा इथल्या नेब्रास्का विद्यापीठात सारा मायर्स आणि त्यांचे सहकारी याच दुखण्याच्या लोकांना कार्बनचे ब्रेस घालून चालवून अभ्यास करत आले आहेत. मोटर बसवलेल्या यंत्रांवरही तिकडे काम चालू आहे, पण ते प्रयोगशाळेतलं. आपल्याला दुकानातून किंवा वर्कशॉपमधून मिळतं ते बिनमोटरचंच. माझ्या सर्जननी चिठ्ठी देताना स्पष्ट सांगितलं की हे अजून नेहमीच्या उपचारात धरलेलं नाही, उपयोग झाला तर वापरा, व्यायाम सोडून मात्र वापरू नका. मला त्यांचं हे सरळ बोलणं आवडलं.

चिठ्ठीवर काय लिहून घ्यायचं ते सांगते, कारण पुढे प्रत्येक खिडकीवर तीच लागते. निदान पूर्ण नावाने (पेरिफेरल आर्टरी डिसीज), कोणता पाय, एबीआयचा आकडा, मधुमेह आहे हे, आणि हवी असलेली वस्तू: "रॉकर सोल, एक्स्ट्रा डेप्थ (म्हणजे आतून जास्त खोल), कडक तळ" आणि "कार्बन एएफओ, डावा". तारीख आणि शिक्का. मी चार झेरॉक्स काढून ठेवल्या.

आता शोध. स्टेशनबाहेर आणि ऑनलाइन "ब्लड सर्क्युलेशन चप्पल" म्हणून काय काय मिळतं ते सगळ्यांनी पाहिलं असेल: काटे असलेल्या ॲक्युप्रेशरच्या, थरथरणाऱ्या, चुंबकाच्या. यजमान माझ्यासाठी काट्यांची जोडी घेऊनही आले होते, बिचारे काळजीपोटी. फिजिओथेरपिस्टने माझ्या तळव्याला नायलॉनचा एक बारीक तंतू टेकवून बघितला, डोळे मिटून "लागलं का" सांगायचं. दोन ठिकाणी मला काही कळलंच नाही. म्हणजे तिथे काटा रुतला तरी समजणार नाही, आणि रक्त कमी असलेल्या पायाला झालेली जखम लवकर भरत नाही. त्या चपला घरातून गेल्या. मधुमेही माणसाने ही तंतूची चाचणी वर्षातून एकदा करून घ्यावीच, ती कुणी आपणहून करत नाही.

असे बूट-ब्रेस करणाऱ्या माणसाला ऑर्थोटिस्ट म्हणतात आणि त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते. त्या नोंदणीचा सीआरआर क्रमांक विचारा. ज्यांच्याकडे तो असतो ते लगेच सांगतात. मला हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वास संस्थेचं नावही सुचवलं होतं, केंद्र सरकारची जुनी संस्था आहे. पण ठाण्याहून दादर, दादरचा पूल चढून वेस्टर्नला, मग महालक्ष्मी, आणि मापं-फिटिंगसाठी परत परत. माझ्या पोटरीला ते झेपणारं नव्हतं. ज्यांना खर्चाची अडचण आहे आणि बरोबर कुणी येऊ शकतं त्यांनी तिथे जरूर चौकशी करावी. मी ठाण्यातच एका छोट्या वर्कशॉपमधल्या ऑर्थोटिस्ट मॅडमकडे गेले.

११ जूनला मापं झाली, मुद्दाम संध्याकाळची वेळ घेऊन, कारण संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असतात आणि बूट तेव्हा बसायला हवेत. हा भाग मला फार आवडला. एका चपट्या खोक्यात गुलाबी फोम होता. मॅडम जमिनीवर बसल्या, माझं पाऊल दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाल्या, "काकू, पाय सैल सोडा, जोर मी देते." आधी टाच, मग कडा, मग एकेक बोट असं त्यांनी पाऊल फोममध्ये दाबलं. काढल्यावर माझं पाऊल तिथे जसंच्या तसं उमटलेलं, अंगठ्याखालचा घट्टासुद्धा. मग कागदावर उभं राहून एक आखणी आणि बसून एक. दोन्हींत पाऊण बोटाचा फरक पडला. टेपने चवड्याचा घेर, कमानीचा घेर. डाव्या घोट्याच्या हाडांवर जांभळ्या पेन्सिलीने खुणा. शेवटी त्यांनी माझ्या जुन्या चपला मागून घेतल्या आणि तळ बघून सांगितलं की मी डाव्या पायावर वजन घ्यायचं टाळते आणि म्हणून उजवी चप्पल बाहेरून झिजली आहे. जुनी पादत्राणं सोबत न्या, त्यांवरून त्यांना बरंच कळतं.

बुटांचे ९,५०० रुपये सांगितले, निम्मे आधी. सुनेने बिल जीएसटी क्रमांकासकट, माझ्या नावाने आणि वस्तूचं वर्णन चिठ्ठीतल्याच शब्दांत लिहून घेतलं.

तीन आठवडे म्हणाले होते, साडेचार लागले. मध्ये एकदा फर्म्यावर, म्हणजे पावलाच्या साच्यावर, चढवलेले, तळ न लावलेले बूट घालून बघायला बोलावलं. ही मधली फिटिंग वगळायची नाही, "डायरेक्ट तयार झाल्यावरच या" असं कुणी म्हणालं तर आग्रह धरा. माझ्या करंगळीवर चामडं टेकत होतं, ते तिथल्या तिथे गरम करून ताणून दिलं. अंगठ्याच्या पुढे एक आडवं बोट मावेल इतकी जागा हवी. लेसऐवजी वेल्क्रोचे पट्टे घ्या. वाकायला त्रास होतो, आणि आपल्याकडे बूट दिवसातून किती वेळा काढावे लागतात याचा विचार करा: देऊळ, नातेवाइकांचं घर, दवाखानासुद्धा.

१३ जुलैला बूट हातात आले. तळात कार्बनची पातळ प्लेट आहे त्यामुळे हाताने वाकवून वाकत नाहीत, दिसायला जरा जाडजूड. पहिला दिवस एक तास, तोही घरात, मग रोज थोडा थोडा वेळ वाढवत. काढल्यावर पाय बघायचा. लाल डाग वीस-तीस मिनिटांत गेला तर ठीक, राहिला तर बूट बाजूला ठेवून फोन करायचा. तळवा दिसत नाही म्हणून मी हाताच्या आरशात बघते. मोजे पांढरे किंवा फिके, शिवण नसलेले. कुठे घासून रक्त-पाणी आलं तर पांढऱ्यावर लगेच दिसतं.

रॉकरची चाल अंगवळणी पडायला दोन आठवडे गेले. उभं राहिलं की पुढे कलल्यासारखं वाटतं. जिना उतरताना कठडा धरायचाच. ओल्या लादीवर आणि स्टेशनच्या उतारावर मी पहिले दोन महिने काठी वापरली आणि लोकलमध्ये चढताना अजूनही दांडा धरल्याशिवाय पाय उचलत नाही. ज्यांचा तोल आधीच कच्चा आहे त्यांनी हे बूट आपल्याला चालतील का ते आधी विचारावं.

आणि ठाण्याचा जुलै. चामडं भिजलं की वाळायला दोन दिवस. आतला इनसोल सुटा निघणारा करून घ्या आणि एक जास्तीची जोडी घ्या, मला ती १,८०० ला पडली. ओला इनसोल घालून चाललं तर कातडी नरम पडून सोलते, म्हणून त्यात काटकसर केली नाही. मुसळधार असेल तेव्हा मी बाहेर न जाता सोसायटीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या घातल्या.

घरात काय घालायचं हाही प्रश्न होता. मॅडमनी सांगितलं, बधिर तळव्याच्या माणसाने घरातही अनवाणी फिरायचं नाही. आमच्याकडे सासूबाई आहेत, ८८ वर्षांच्या. स्वयंपाकघरात पायात काही घालून शिरणं त्यांना आयुष्यात चाललेलं नाही. मी एमसीआरच्या, म्हणजे मऊ रबराच्या, नव्या चपला (१,४०० रुपये) त्यांच्यासमोर खोक्यातून काढल्या आणि या घराबाहेर कधीच जाणार नाहीत असं सांगितलं. दोन दिवस त्या काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी ओट्यापाशी मी अनवाणी दिसले तेव्हा त्याच म्हणाल्या, "अगं, तुझ्या त्या चपला कुठे आहेत? घाल आधी."

बुटांनी फरक पडला, पण डाव्या पायाला अजून हवं होतं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मॅडमनी एक वापरलेला, साधारण माझ्या मापाचा कार्बन ब्रेस तात्पुरता बांधून बघितला. असा नमुना घालून बघितल्याशिवाय विकत घेऊ नका, कारण वस्तू महाग आहे. फिजिओथेरपीच्या हॉलमध्ये सहा मिनिटांची चाचणी घेतात, ३० मीटरच्या सरळ पट्ट्यावर सहा मिनिटांत किती चालता ते मोजतात. नुसत्या बुटांनी मी २६८ मीटर चालले, एकदा थांबून. तासभर विश्रांती घेऊन ब्रेस बांधून चालले तेव्हा ३०१, न थांबता. शेवटच्या मिनिटाला पोटरी दुखत होतीच. पण न थांबता सहा मिनिटं मी जवळजवळ वर्षभरात चालले नव्हते. सून पट्ट्याच्या टोकाशी उभी होती, तिने येऊन हात धरला.

किंमत ३८,००० रुपये, एका पायाची. बाहेरून मागवावा लागतो. प्लास्टिकचा, साच्यावर केलेला एएफओ चार-पाच हजारांत होतो, पण तो पाय धरून ठेवतो, असा रेटा देत नाही, म्हणून माझ्या कामाचा नव्हता. घरी दोन रात्री चर्चा झाली. मी म्हणत होते एवढे कशाला, यजमान म्हणाले, गेल्या वर्षी फ्रिज घेतला तेव्हा आपण इतका विचार केला नव्हता. आगाऊ रक्कम भरली. गणपतीच्या आत येईल असं सांगितलं होतं, आला अनंत चतुर्दशी झाल्यावर, २० सप्टेंबरला. त्यामुळे त्या वर्षी विसर्जनाला मी सोसायटीच्या फाटकापर्यंतच गेले. वाईट वाटलं.

ब्रेस बुटाच्या आत बसतो, म्हणून बूट एक्स्ट्रा डेप्थचे करून घेतले होते ते इथे उपयोगी पडलं. नाहीतर नवे बूट करावे लागले असते. दोन्ही लागणार असतील तर बुटाचं माप देतानाच सांगा. पहिल्याच आठवड्यात नडगीवर वरच्या कडेशी लाल चट्टा उठला आणि तासाभरानेही जाईना. फोन केला, दुसऱ्या दिवशी तिथे मऊ पॅड लावून मिळालं, त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. साडीच्या आत तो दिसत नाही, सलवार मात्र जरा ढगळ हवी. आत पातळ सुती लांब मोजा घालायचाच.

मला भीती होती की याने पोटरी आयतोबा होऊन बारीक होईल. म्हणून आठवड्यातल्या चालण्यापैकी एक दिवस मी ब्रेसशिवाय, नुसत्या बुटांवर चालते, आणि टाचा उचलण्याचा व्यायाम वेगळा करते. सर्जननी याला होकार दिला आहे.

आता कागदपत्रांचं. मेडिक्लेम होता, म्हणून बूट आणि ब्रेस दोन्हींचा दावा चिठ्ठी, रिपोर्ट आणि बिलांसकट टाकला. आधी डॉक्टरांचं आणखी एक पत्र मागितलं, ते दिलं. सहा आठवड्यांनी नकार आला. विमा नियामकाच्या नियमांत न मिळणाऱ्या वस्तूंची एक यादी असते आणि तिच्यात मधुमेहींची पादत्राणं, गुडघ्याचे ब्रेस, पट्टे हे सगळं आहे. अँजिओप्लास्टी केली असती तर याच्या कितीतरी पट रक्कम याच पॉलिसीतून मिळाली असती. ती टाळायला मदत करणारी वस्तू मात्र आपल्या खिशातून. मला हे अजिबात पटत नाही. पॉलिसी घेताना किंवा नवी करताना या वस्तूंसाठी वेगळं कलम मिळतं का ते विचारा.

अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचीही चौकशी केली. एका सरकारी रुग्णालयात सकाळपासून दुपारपर्यंत या खिडकीवरून त्या खिडकीवर गेल्यावर कळलं की २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत हे दुखणं नाही, आणि सरकारी साधनांसाठी निदान ४० टक्के अपंगत्व लागतं. हे पहिल्याच खिडकीवर सांगता आलं असतं. तुम्ही मात्र तिथे रांग लावण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा.

फिजिओथेरपीला माझ्याबरोबर ६७ वर्षांच्या एक बाई येतात, घरकाम करून निवृत्त झालेल्या. त्यांनी मुख्यमंत्री वयोश्री योजनेचा अर्ज भरला. ही राज्याची २०२४ ची योजना, ६५ पूर्ण झालेल्यांसाठी, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर ३,००० रुपये एकदाच बँक खात्यात येतात. अर्ज समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांच्या कार्यालयात. आधार, पासबुक, स्वयंघोषणापत्र आणि फोटो लागले. खातं आधारला जोडलेलं असायला हवं, त्यांचं नव्हतं, म्हणून आधी बँकेत जावं लागलं. ते काम मी त्यांच्याबरोबर जाऊन करून दिलं, बँकेच्या फॉर्मची मला सवय आहे. तीन हजारांत कार्बन येत नाही, पण एमसीआरच्या चपला आणि साधे रॉकर लावून घेण्यापुरते होतात. चांगल्या खोल बुटाला बाहेरून रॉकर चिकटवून देणारे कारागीर ऑर्थोटिस्टकडे असतात. त्या बाईंनी तेच करून घेतलं.

आज माझी स्थिती अशी: घरून टेंभी नाक्यापर्यंत मध्ये एकदा थांबून जाते. डावा एबीआय जानेवारीत परत काढला, ०.६४, म्हणजे धमनी होती तशीच आहे. साखर आटोक्यात आहे. बुटाचा तळ चवड्याखाली झिजायला लागला आहे आणि रॉकर झिजला की त्याचा उपयोग कमी होतो, म्हणून पुढच्या महिन्यात तळ बदलायला देणार आहे. त्याला १,५०० रुपये आणि चार दिवस लागतील. त्या चार दिवसांसाठी जुने बूट ब्रेसशिवाय घालायचे की चालणं बंद ठेवायचं हे मॅडमना विचारलं, त्या म्हणाल्या चालणं बंद नाही, अंतर कमी. ब्रेसच्या वेल्क्रोचे पट्टे सहा महिन्यांत सैल होतात, ते पावती दाखवली की बदलून मिळतात, म्हणून पावती ब्रेसच्या खोक्यातच ठेवली आहे.